जे नावेतून आलं

उद्या ही पृथ्वी बुडाली, तर शेवटचा दिवा मालवायला आमचे मामासासरे हजर असतील, आणि मालवून झाल्यावर देवालाच विचारतील, "एवढा वेळ कसाले चालू ठेवा व्हता?" आम्हालाही ते कायम हेच विचारतात. माझ्या बायकोचे हे सख्खे मामा. सगळं गाव त्यांना मामा म्हणतं, म्हणून मीही मामाच म्हणतो. ते मला मात्र लग्नाला इतकी वर्षं होऊनही मांडवातल्यासारखं 'जवाईबापू' म्हणतात. त्या मांडवात आम्ही बोहल्यावर उभे असताना मामा खाली वाकून वाकून काहीतरी गोळा करत होते. मला वाटलं, थोर माणूस, वधूवरांच्या पायाशी वाकतोय. ते अक्षता वेचत होते. दुसऱ्या दिवशी त्या धुऊन वाळवून त्यांनी कोंबड्यांना घातल्या आणि मला मुद्दाम सांगितलं, "जवाईबापू, तुमना आशीर्वाद वाया नई गया."

तर असा हा माणूस हॉटेल चालवायचा. तेही बेटावर. नंदुरबार जिल्ह्यात बेट म्हटलं की बाहेरचे लोक हसतात. समुद्र कुठे, आम्ही कुठे! पण खाली गुजरातेत तापीवर धरण झालं आणि पाणी मागे फुगत फुगत आमच्या हद्दीत शिरलं, तेव्हा मामांचं गाव त्यात गेलं. घरं गेली, केळीचे मळे गेले, चावडी गेली, मारुती गेला. राहिलं ते गावामागचं टेकाड आणि त्याच्या डोक्यावरचा एक थोराड निंब. चहूकडे पाणी, मधे टेकाड. भूगोलाच्या पुस्तकात बेटाची व्याख्या याहून वेगळी नाही. गाव उठून काठावरच्या वसाहतीत आलं. शाळकरी मामाही आले, पण अर्धेच. उरलेले अर्धे त्या टेकाडावरच राहिले असावेत, कारण पुढे मिसरूड फुटताच त्यांनी एक नाव मिळवली आणि शेतीतून सवड मिळाली की ते टेकाडावर जाऊन बसू लागले. लग्न झालं तेव्हाही हळद उतरली नव्हती तोच नव्या नवरीला नावेत घालून तिकडे घेऊन गेले. मामी सांगतात, "माले वाटनं, काही देऊळबिऊळ दाखाडतीन. यास्नी पानीकडे बोट करं आनि म्हने, ते आपलं घर." मामी तेव्हा घाबरून रडल्या होत्या. आता सांगताना हसतात.

हॉटेल निघालं ते पुष्कळ नंतर. पाणी बघायला सुरतेकडची, नाशकाकडची माणसं यायला लागली, राहायची सोय विचारायला लागली, आणि मामांनी गावच्या समितीकडून टेकाड भाडेपट्ट्यानं घेऊन त्यावर कुडाच्या खोल्या बांधल्या. शेणानं सारवलेल्या, वर कौलं. त्या हॉटेलला नाव नव्हतं, पाटी नव्हती, दर ठरलेला नव्हता. नियम मात्र होता, आणि एकच होता: "जे नावमा उनं, ते नावमाच परत जाई." नावेतून जे आलं, ते नावेतूनच परत जाणार. यात काय एवढं, असं तुम्हाला वाटेल. तसंच त्या सुरतेच्या जोडप्यालाही वाटलं होतं.

काठावर, नाव लागायची तिथे, मामांचा जकातनाका असे. पाहुण्यांच्या बॅगा उघडल्या जात. बिस्किटं पितळी डब्यात ओतली जात आणि रिकामा कागद काठावरच्या झोपडीत खिळ्याला लागे, खाली खडूनं मालकाचं आडनाव. शाम्पूच्या पुड्या, गुटख्याच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या, सगळं खिळ्यांवर. परतताना ज्याचं त्याला सन्मानानं परत. सुरतेच्या त्या नवऱ्यानं बायकोच्या वाढदिवसासाठी फुगे लपवून आणले होते. मामांनी खिशातून काढले, उन्हात धरून बघितले आणि म्हणाले, "न्या ना, आमी कोठे नको म्हनतंस? फक्त फुटना तरी घरी ली जानं पडी." बिचाऱ्यानं आयुष्यात फुगे इतके जपून फुगवले नसतील. रात्री झोपतानाही बायकोऐवजी फुग्यांवर नजर ठेवून होता म्हणे.

मग नाव. इंजिन नाही. "तेलना तवंग पानीवर पडस." मामा वल्हवायचे, आणि अर्ध्या वाटेत वल्ही पाहुण्याच्या हातात द्यायचे. पैसे पाहुण्याचे, घाम पाहुण्याचा. मी एकदा म्हटलंसुद्धा की मामा, असलं हॉटेल जगात कुठे नसेल. त्यांना ती स्तुती वाटली.

आंघोळीची तऱ्हा तर विचारू नका. प्रत्येक खोलीमागे तट्ट्याचा आडोसा, आत एक धोंडा, आणि धोंड्याला खेटून पपईचं नाहीतर केळीचं झाड. आंघोळ तुमची, पाणी झाडाचं. साबण नाही, शिकेकाई आणि मसुराचं पीठ. नाशकाचे एक बँकेतले साहेब आत गाणं म्हणत मजेत अंगावर तांब्यानं पाणी ओतत होते. तट्ट्यापलीकडून गंभीर आवाज आला, "सायेब, जरासा डावाकडे सरका. त्या झाडले कालपासून पानी नई." साहेबांचं गाणं थांबलं ते थांबलंच. पण ते दर हिवाळ्यात येत राहिले आणि आल्या आल्या आपल्या झाडाची चौकशी करत.

जेवण पळसाच्या पत्रावळीवर. कळण्याची भाकरी, भरीत, आमच्याकडच्या लाल मिरचीचा ठेचा, तोरणमाळकडच्या आमचुराची आमटी. पानात टाकलंत तर मामा रागवायचे नाहीत. ते फक्त तुमच्यासमोर येऊन बसायचे. हात गुडघ्यांवर, चेहरा असा की घरात कुणी गेलंय. दोन मिनिटांत माणूस मुकाट्यानं उरलेली भाकरी गिळायचा. आणि दिवेलागणीनंतर एक दिवा जेवणाच्या ओसरीवर, तोही जेवण संपेपर्यंत. कुणी तक्रार केली तर म्हणायचे, "अंधार फुकट शे. वापरा ना तो." पहिल्यांदा लोक चिडत. मग डोळे सरावत, वर चांदण्यांचा सडा दिसू लागे, आणि बडबडी माणसंही हळू आवाजात बोलायला लागत.

आमच्या घरी, म्हसावदला, मामा आले की आम्ही धास्तावायचो. नळ गळतो का, पंखा रिकाम्या खोलीत फिरतो का, फ्रिजमधे काय काय शिळं झालंय, सगळी झडती. एकदा मी वैतागून विचारलं, "मामा, धरणात एवढं अथांग पाणी, तुम्ही तांब्याभर पाण्याचा हिशेब काय मागता? आणि एक कागद तरंगला पाण्यावर तर काय होतं?"

मामा तेव्हा जे बोलले ते त्यांनी पुन्हा कधी सांगितलं नाही आणि मी पुन्हा कधी विचारलं नाही. पाणी चढलं तेव्हा लोकांनी दारं नेली, तुळया नेल्या, जातं-पाटा नेला. जे नेता आलं नाही ते मागे राहिलं आणि मग वर आलं. सुपं, टोपल्या, कडबा, मोडक्या बाजा, कुणाचा पाळणा. कितीतरी दिवस ते सगळं पाण्यावर फिरत होतं, वारा सुटला की काठाला लागत होतं, आणि बघायला आलेली परगावची माणसं नाकाला पदर लावून म्हणत होती, केवढा हा कचरा! "जवाईबापू," मामा म्हणाले, "मन्हं गाव कचरा व्हईसन तरंगे. धरण आपलं नई, पानी आपलं नई. कचरा तेवढा आपला शे."

मी उठून नळ घट्ट केला.

पण मामांचं खरं हॉटेल वर्षातून एकदाच भरायचं, आखाजीला. अक्षय्य तृतीयेला खानदेशात सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. पण ज्यांचं माहेरच पाण्यात गेलं त्यांनी कुठे जायचं? वसाहतीतली घरं भावांची होती, पण वसाहत माहेर नव्हे; तिथल्या कुठल्या झाडाला त्या लहानपणी लोंबकळल्या होत्या? म्हणून आखाजीच्या दिवशी मामा टेकाडावर एकही पाहुणा घेत नसत. सकाळपासून नावेच्या फेऱ्या. आमच्या सासूबाई, म्हणजे मामांच्या थोरल्या बहीण, आणि त्या बुडालेल्या गावच्या जितक्या लेकी उरल्यात तितक्या, कुणी खापरहून, कुणी शहाद्याहून, कुणी थेट सुरतेहून, गुडघे धरत नावेतून उतरायच्या आणि निंबाखाली उभ्या राहिल्या की सोळा वर्षांच्या व्हायच्या. जाडजूड दोराचा झोका. सत्तरीतल्या बायका त्यावर उभ्या राहून झोका चढवायच्या, आणि खाली मामा हात पसरून घिरट्या घालत, "अक्का, धीरे वं! अक्का, पडशी ना!" त्या दिवसांत पाणी उतरलेलं असायचं. झोका उंच गेला की वरून मारुतीच्या पाराचा काळा दगड दिसायचा. जिला दिसला ती वरूनच ओरडायची, "दिखना, दिखना!" आणि खालच्या सगळ्या पदर डोळ्यांना लावायच्या. वर्षभर लोकांच्या बॅगा तपासून, त्यांना वल्हवायला लावून, मामा जे काही राखत होते ते हेच.

आणि ते पणाला लागलं. भाडेपट्टा संपत आला, आणि बेटाकडे बाहेरच्या एका बड्या कंपनीचं लक्ष गेलं. तरंगतं उपाहारगृह, भरधाव बोटी, रोषणाई, असा त्यांचा बेत. मामांचा अर्ज होताच. मग वरून असं ठरलं की बेट पर्यावरण सांभाळणाऱ्यालाच द्यायचं, आणि ते कोण हे बघायला एक समिती येणार. तिचं नाव इतकं लांब की मला अजून एका दमात म्हणता येत नाही. आम्ही निर्धास्त झालो. पर्यावरण सांभाळणं ही स्पर्धा असेल, तर मामांपुढे उभं कोण राहणार? वजनाची स्पर्धा हत्तीनं हरल्याचं ऐकलंय कधी?

समिती यायच्या दिवशी मामा धुवट धोतर नेसून नाव घेऊन काठावर गेले. गाड्यांना उशीर झाला. मामा तिथेच थांबले. आणि इकडे बेटाच्या दुसऱ्या अंगाला, मासेमारांच्या नावा भाड्यानं करून, आमच्या सासूबाई आणि सगळ्या लेकी उतरल्या. भावाचा मोठा दिवस, बहिणी घरी कशा बसतील? आणि रिकाम्या हातानं कशा येतील? मी तिथे होतो. मी उतरणारं सामान बघितलं. पाण्याच्या बाटल्यांची खोकी. थर्माकोलची ताटं. प्लास्टिकचे पेले. चमचमत्या प्लास्टिकच्या माळा, आणि दारावर लावायला जरीच्या कागदाची कमान.

"सासूबाई," मी म्हटलं, "हे काय? मामांना चालणार नाही हे."

"तुमले काय समजस, जवाईबापू?" सासूबाई कमरेला पदर खोचत म्हणाल्या. "मन्हा भाऊ सायबस्ले पानवर जेवाडी? माठनं पानी पाजी? लोके म्हनतीन, भिकारी शे." दुसरी म्हातारी म्हणाली, "आमना गावमा लगनले बी आते बाटलीच लागस." आणि खरंच होतं ते. आमच्याकडे आता पत्रावळ म्हणजे गरिबी आणि बाटली म्हणजे मान. मुलीकडच्यांनी व्याह्याला माठातलं पाणी दिलं तर रुसवा होतो. भावाची अब्रू राखायची तर त्या माउल्यांना एवढंच माहीत होतं. मी मामींकडे बघितलं. मामींनी डोळे मिटून घेतले. आखाजीच्या लेकींनी आणलेली वस्तू परत करायची कुणी?

पाहता पाहता सगळं बेट लखलखलं. आयुष्यात पहिल्यांदा ते एखाद्या हॉटेलसारखं दिसू लागलं.

मामांची नाव आली. नावेत साहेब, एक बाई साहेब, आणि मधे ताठ बसलेले मामा. किनाऱ्यावर बहिणींनी आरतीची ताटं धरलेली. मामांनी मान वळवून कमान बघितली. माळा बघितल्या. वल्हं हातात तसंच राहिलं. वाऱ्यानं एक पेला उडून पाण्यात पडला आणि त्यांच्या नावेजवळून तरंगत गेला, तो त्यांनी वाकून उचलला आणि बंडीच्या खिशात घातला.

समितीची माणसं वाईट नव्हती. ती फिरली, पपया बघितल्या, तट्टे बघितले. उन्हानं हैराण होऊन बाटल्याही प्यायली. बाटल्या संपल्यावर बाई साहेबांनी एक हातात धरून अवघडून विचारलं, "आजोबा, तुमच्या अर्जात तर लिहिलंय की बेटावर प्लास्टिक येतच नाही. मग हे सगळं कोणाचं?"

सगळ्या बहिणी एका रांगेत उभ्या होत्या. आपलं काय चुकलं ते त्यांना अजून कळलं नव्हतं. काहीतरी चुकलंय एवढं मात्र कळलं होतं. मामांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं. एक वाक्य पुरलं असतं. त्यांना ठाऊक नव्हतं, साहेब. बस.

मामा साहेबांसाठी राखून ठेवलेल्या शुद्ध मराठीत म्हणाले, "माझं आहे."

बाई साहेबांनी मान हलवली. काही लिहिलं. जाताना सगळ्यांनी नमस्कार केला. साहेबांना काठावर पोचवून मामा परत आले, तेव्हा बहिणींनी विचारलं, "भाऊ, बरं व्हयनं ना?" मामा म्हणाले, "ब्येस व्हयनं, अक्का. मन्ही शान वाढनी." मग सगळ्याजणी समाधानानं जेवल्या. थर्माकोलवर. मामाही जेवले. त्यांच्या पानात भाकरी उरली होती, पण त्यांच्यासमोर जाऊन बसायची कुणाची छाती झाली नाही.

बेट कंपनीला गेलं. मामा भांडले नाहीत, कुणाच्या दारी गेले नाहीत. त्यांनी फक्त स्वतःचा नियम स्वतःला लावला. कौलं उतरवली. दारं उतरवली. तट्टे गुंडाळले. आंघोळीचे धोंडे मात्र ठेवले, कारण ते तिथलेच होते. निंब तिथलाच, पपया तिथंच उगवलेल्या. कमानीचा कागद, बाटल्या, माळा, जरीचा कणन् कण वेचून पोत्यांत भरला. नव्या मालकाला सगळं होतं तसं दिलं तरी चाललं असतं, असं मी म्हटलं. मामा म्हणाले, "त्याले दिसू, ते भुईच दिसू." देणार, तर नुसती भुईच देणार. शेवटी जमीन त्यांनी अशी झाडली की तिथे कधी हॉटेल होतं हे कुणी शपथेवर सांगितलं नसतं.

शेवटच्या फेरीला मी होतो. सामान चढलं. मामी नावेत जाऊन बसल्या, मांडीवर झोक्याच्या दोराचं वेटोळं. मी वल्ह्यांशी. मामा येईनात. बघतो तर निंबाच्या बुंध्याला टेकून बसलेले, पाय लांब केलेले, जसे घरच्या ओट्यावर.

"मामा, चला. ऊन कलतंय."

"तुमी जा, जवाईबापू."

"म्हणजे?"

"काय नियम शे आपला? जे नावमा उनं, ते नावमा जाई." त्यांनी खालची माती मुठीत घेतली, सोडली. "मी नावमा नई उनू. तवय पानी कोठे व्हतं? मी पायी उनू. बापना बोट धरीसन."

आयुष्यभर त्या माणसाच्या तर्कशास्त्रात मी कधी फट काढू शकलो नव्हतो, तेव्हाही नाही. वारा पडला होता. पाणी अगदी स्तब्ध. माझ्या मनात नको ते विचार येऊ लागले आणि मी नावेतून उतरणार, तेवढ्यात मामी बोलल्या. मोठ्यानं नाही. भाजीला काय करू विचारावं तशा.

"तुम्ही पायी उनात, खरं शे. पन माले ते तुम्हीच नावमा ली उनात. आते माले कोन परत ली जाई?"

मामा हलले नाहीत. मग त्यांच्या खांद्यांतून काहीतरी उतरल्यासारखं झालं. निंबाला हात लावून ते उठले, धोतराची माती झटकली, ती तिथेच झटकली, आणि येऊन नावेत चढले.

"दोर आखाजीले कोठे बांधसूत?" त्यांनी विचारलं.

"ओसरीनं आढं शे ना," मामी म्हणाल्या.

वसाहतीतल्या घराच्या ओसरीचं आढं केवढं, हे तिघांनाही माहीत होतं. त्याला बांधलेल्या झोक्यावर बसलं की पाय जमिनीला टेकतात. तिथून मारुतीचा पार दिसायचा नाही.

मी वल्ही मारायला घेणार होतो. एरवी अर्ध्या वाटेत पाहुण्यांच्या हातात वल्ही देणाऱ्या मामांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. मला वाटलं, जुनी खोड, जावयाला काम कसं सांगायचं! मग नाव निघाली. मामी आणि मी काठाकडे तोंड करून बसलो होतो. बऱ्याच वेळानं माझ्या ध्यानात आलं की वल्हवणाऱ्याचं तोंड मागे असतं.